मॉडेलची रेघ जुळली, म्हणून मोहो 46 किलोमीटरवर आहे का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही गुहागरपासून चिपळूण, कोयनानगर, कराड करत विट्यापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरची रेषा घेतली. जागतिक गुरुत्व मॉडेलमधून बुगे विसंगतीचे (उंचीचा आणि समुद्रसपाटीवरच्या खडकाचा परिणाम काढल्यावर गुरुत्वात उरणारा फरक) आकडे उतरवले आणि विभागाच्या ग्रॅव्हिमीटरने घेतलेली स्वतःची काही स्टेशनं, म्हणजे मोजणीची ठिकाणं, त्यात मिसळली. किनाऱ्यापासून घाटामागे जाईपर्यंत विसंगती साधारण 75 मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्वातला फरक मोजायचं छोटं एकक) खाली उतरते. भूकवच आणि त्याखालचं जड प्रावरण यांच्या घनतेत 0.3 चा (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) फरक धरल्यावर सॉफ्टवेअरने मोहो, म्हणजे या दोहोंमधली सीमा, किनाऱ्याखाली 40 आणि कराडखाली 46 किलोमीटरवर नेला. मोजलेली आणि गणिताची रेघ अर्ध्या मिलिगॅलच्या आत जुळली. गाइडना 46 जास्त वाटतंय, आणि तुम्ही विचारताय की इतकं छान जुळल्यावर चूक राहिली कुठे?

दख्खनच्या पठारावर आणि कोकणात ग्रॅव्हिटीची कामं मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे हा प्रदेश ओळखीचा आहे. तुमची मूळ आकडेवारी मी पाहिलेली नाही, फक्त तुम्ही टाकलेला आलेख पाहिलाय. म्हणून काही गोष्टी 'असं असेल तर' म्हणूनच सांगाव्या लागतील. पण एक गोष्ट आलेख न पाहताही सांगता येते: रेघ जुळणं हा खोलीचा पुरावा होत नाही. ग्रॅव्हिमीटरला खालच्या सगळ्या वस्तुमानाची बेरीज कळते. पोत्याचं वजन कळलं म्हणून आत ज्वारी किती आणि खडे किती हे कळत नाही, तसंच हे आहे. खोलवरचा मोठा घनताफरक आणि उथळ, पसरट, छोटा घनताफरक जमिनीवर हुबेहूब एकच वक्र देऊ शकतात. तुमच्या सॉफ्टवेअरला हलवायला एकच सीमा दिली होती. त्याने ती हलवून हिशेब पुरा केला. दुसरी सीमा दिली असती तर ती हलवून तितक्याच सुबकपणे पुरा केला असता.

हा पेच फार जुना आहे, आणि भारतातल्या मोजणीतच तो ठळकपणे समोर आला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचं कालियाना यांच्या अक्षांशातला फरक दोन पद्धतींनी काढला, जमिनीवरच्या त्रिकोणांनी आणि ताऱ्यांच्या वेधांनी. दोन्ही उत्तरांत 5.24 सेकंदांची तफावत आली. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो हे कारण उघड होतं. पण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या वस्तुमानाचा हिशेब केला तेव्हा तफावत जवळजवळ 15.9 सेकंद यायला हवी होती. म्हणजे डोंगर दिसतो तेवढा ओढत नाही, त्याच्या खाली कुठेतरी वस्तुमान कमी आहे. 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी सुचवलं की हलक्या कवचाची मुळं जड थरात खोल उतरलेली असतात. प्रॅट यांनी पुढे मांडलं की तळ एकाच खोलीवर असतो, डोंगराखालचा खडकच कमी घनतेचा असतो. एकच निरीक्षण, दोन संपूर्ण वेगळी भूगर्भचित्रं, आणि दोन्ही हिशेबात बसणारी. कराडखाली तुम्ही एअरींचं चित्र निवडलंत. ते निवडलं आहे याची नोंद मात्र कुठे केलेली दिसत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. अमर्याद पसरलेल्या सपाट थराचं गुरुत्व काढायचं सूत्र तुम्हाला माहीत आहेच: घनतेत 1 चा फरक असलेला एक किलोमीटर जाडीचा थर सुमारे 41.9 मिलिगॅल देतो. 0.3 फरक धरला तर मोहो एक किलोमीटर खाली गेल्यावर 12.6 मिलिगॅल कमी होतात, आणि 75 मिलिगॅलसाठी सहा किलोमीटर लागतात. तुमचे 40 आणि 46 इथूनच आले. आता 0.3 च्या जागी 0.5 टाका. किलोमीटरमागे 21 मिलिगॅल, म्हणजे फरक साडेतीन किलोमीटरच. दोन्ही आकडे छापील लेखांत सापडतील, दोन्ही चुकीचे म्हणता येणार नाहीत. म्हणजे तुमच्या उत्तरातला जवळजवळ निम्मा भाग एका गृहीतकाने ठरवला. अर्ध्या मिलिगॅलची जुळणी या अनिश्चिततेबद्दल काहीही सांगत नाही.

दुसरा हिशेब याहून बोलका आहे. घाटमाथ्यामागचं पठार सरासरी 600 मीटर उंच धरा. ते समस्थायित्वात असेल, म्हणजे वरचा भार खालच्या उणिवेने पेललेला असेल, तर पठाराच्या मध्यात बुगे विसंगती ढोबळमानाने 600 गुणिले 0.112 (2.67 घनतेच्या थराचे मीटरमागचे मिलिगॅल), म्हणजे उणे 67 मिलिगॅल असायला हवी. मुळांची घनता काय धरली यावर हा आकडा अवलंबून नाही. फरक कमी धरला की मूळ लांब होतं, जास्त धरला की आखूड, बेरीज तीच. तुमच्या 75 पैकी बहुतांश मिलिगॅल पठाराच्या उंचीनेच मागितलेले आहेत. त्यात नवल करण्यासारखं काही नाही. खरा प्रश्न उरतो तो उताराच्या आकाराचा, आणि तुमच्या प्रबंधाचा जीव मला तिथेच दिसतो.

आलेखात उताराचा मधला अर्धा भाग पाहा: पूर्ण घसरणीच्या 25 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंतचा. तो तुमच्याकडे चिपळूणच्या थोडं पश्चिमेला सुरू होऊन पाटणच्या आधी संपतो, सुमारे 45 किलोमीटरमध्ये. पातळ थराची एकदम उभी पायरी खोल पुरलेली असेल तर हा मधला अर्धा भाग खोलीच्या दुप्पट अंतरात पसरतो. मोहो 38 किलोमीटरवर धरला, तर सगळ्यात तीव्र पायरीसुद्धा 76 किलोमीटरपेक्षा कमी अंतरात हा उतार दाखवू शकत नाही. प्रत्यक्षात तर मोहो पायरीसारखा तुटत नाही, हळूहळू वाकतो, त्यामुळे उतार आणखी सौम्य हवा. तुमच्या 45 किलोमीटरचा अर्थ असा की उताराला आकार देणारा मुख्य स्रोत 22-23 किलोमीटरपेक्षा खोल असू शकत नाही. उथळ असू शकतो, कितीही उथळ. गुरुत्व खोलीची फक्त कमाल मर्यादा देतं, पण ती मर्यादा पक्की असते.

हेच तरंगलांबीच्या भाषेत तपासा. 38 किलोमीटर खोलवरच्या उंचसखलपणाचा 200 किलोमीटर लांबीचा घटक वर येईपर्यंत तीस टक्के शिल्लक राहतो, 100 किलोमीटरचा नऊ टक्के, आणि 50 किलोमीटरचा एक टक्काही नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने मोहोमध्ये विट्याजवळ जी छोटी वळणं काढली आहेत, ती वीस-तीस किलोमीटरची आहेत. मोहोवर खरोखर तशी वळणं असली तरी ती जमिनीवर कुणालाही दिसणार नाहीत. ती वरच्या काही किलोमीटरांतून आलेली आहेत आणि गणिताने जबरदस्तीने खाली ढकलली आहेत. ती चित्रातून काढाच.

मग 22 किलोमीटरच्या वर काय असेल? आधी एक शंका दूर करावी लागेल, कारण तीव्र उतार नेमका घाटावर पडतोय आणि घाट ही बुगे विसंगतीला फसवणारी जागा आहे. बुगे सुधारणेत आपण स्टेशनखाली अमर्याद सपाट थर धरतो. घाटमाथ्यावर उभं राहिलं की पश्चिमेला तो थर नसतोच, हवा असते, आणि आपण नसलेल्या खडकाचं गुरुत्व वजा करून बसतो. भूप्रदेश सुधारणा, म्हणजे आजूबाजूच्या चढउतारांचा हिशेब, नीट केली नाही तर सह्याद्रीच्या कडेने एक खोटी उणी पट्टी उमटते. कड्यावरच्या स्टेशनला ही सुधारणा सहज काही मिलिगॅलची असते. उपग्रहाची उंचीची जाळी वापरताना स्टेशनजवळचे पहिले शे-दोनशे मीटर स्वतः पाहून नोंदवा, कारण कड्याची धार जाळीत गुळगुळीत होते.

थराची घनता हा दुसरा मुद्दा. सॉफ्टवेअरने 2.67 वापरली असणार, ती जगभरची प्रथा आहे. पण घाटमाथ्यावर समुद्रसपाटीच्या वरचा सगळा डोंगर बेसॉल्टचा आहे. घट्ट काळा पाषाण 2.85 ते 2.9 भरतो. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा खडक बराच हलका, आणि लाव्हाच्या थरांमधले लाल मातीचे पट्टे त्याहून हलके. 900 मीटर उंचीवर 2.67 ऐवजी 2.85 घेतली तर विसंगती जवळजवळ सात मिलिगॅलने आणखी खाली जाते. मी स्वतः पठारावर सरासरी 2.75 च्या आसपास ठेवतो, पण तुमच्या रेषेवर ती नेटलटन पद्धतीने काढा: एखाद्या सुट्या टेकडीवरून स्टेशनं घ्या आणि ज्या घनतेला विसंगतीत टेकडीचा आकार दिसेनासा होतो ती घ्या. एका दिवसाचं काम आहे आणि परीक्षक त्याचा मान ठेवतात.

जागतिक मॉडेलबद्दलही सावध राहा. ग्रेस आणि गोचे या उपग्रहांचं मोजमाप उत्तम आहे, पण उपग्रह इतक्या उंचीवर असतो की साधारण 80 ते 100 किलोमीटरपेक्षा बारीक तपशील त्याला दिसत नाही. त्याहून बारीक भाग जमिनीवरच्या मोजणीतून येतो, आणि जिथे बारीक मोजणी मिळाली नाही तिथे मॉडेल तयार करणाऱ्यांनी तो भूप्रदेशाच्या उंचीवरून भरून घेतलेला असतो. अशा ठिकाणी बुगे विसंगती काढली की 45 किलोमीटरच्या उतारात भूगर्भ किती आणि सह्याद्रीची उंचीच किती, हे वेगळं करता येत नाही. म्हणून त्या उतारापुरता भरवसा तुमच्या स्वतःच्या स्टेशनांवर ठेवा.

आणि त्या स्टेशनांची उंची कुठून घेतली ते तपासा. डीजीपीएस (उपग्रहांवरून अचूक स्थान देणारं यंत्र) देतं ती पृथ्वीच्या गणिती, लंबवर्तुळाकृती पृष्ठापासूनची उंची. आपल्याकडे समुद्रसपाटी त्या पृष्ठाच्या साठ मीटरांहून अधिक खाली आहे, कारण जगातला सर्वांत मोठा जिऑइडचा (गुरुत्वाने ठरणाऱ्या समुद्रसपाटीच्या पृष्ठाचा) खोलगा श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे आणि त्याचा उतार महाराष्ट्रापर्यंत पोचतो. मुक्त-वायू (फक्त उंचीमुळे करायची) आणि बुगे सुधारणा एकत्र धरल्या तर मीटरमागे 0.197 मिलिगॅल. साठ मीटर म्हणजे बारा मिलिगॅल. तुमची स्टेशनं एका उंचीवर आणि मॉडेलचे आकडे दुसऱ्या उंचीवर असतील, तर जोडावर बारा मिलिगॅलची पायरी पडते, म्हणजे तुमच्या हिशेबात मोहोचा अख्खा एक किलोमीटर. आलेखात कराडजवळ जो कोपरा दिसतो तो मला याच कारणाने संशयास्पद वाटतो.

इथवरचं थोडक्यात: 75 मधले बहुतेक मिलिगॅल पठाराच्या उंचीचे, उताराची तीव्रता मोहोची नाही, आणि त्या तीव्रतेतला काही भाग सुधारणांचा असू शकतो. हे सगळं निस्तरल्यावरही तीव्र उतार उरला तर तो खरा भूगर्भ. तो उरेल असं मला वाटतं.

आता त्याचा अर्थ लावायचा. या भागाचा एक जुना धडा तुमच्या प्रबंधात यायलाच हवा. 1973 मध्ये कृष्णब्रह्मम् आणि नेगी यांनी कोयना आणि कुर्डुवाडी इथल्या उण्या विसंगतींवरून ट्रॅपखाली, म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टच्या थरांखाली, गाडलेल्या खचदऱ्या (जमीन खचून झालेल्या लांबट दऱ्या) सुचवल्या. 1967 च्या कोयना भूकंपानंतरचा तो काळ, आणि गुरुत्वाच्या आकड्यांत ती कल्पना व्यवस्थित बसत होती. पुढे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधणं झाली. कोयनानगरजवळ रासाटीला सुमारे 930 मीटर बेसॉल्टमधून गेल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. गोठण्याच्या तीन किलोमीटर खोल विंधणातही बेसॉल्ट संपल्यावर तोच. खचदरीत साचावेत तसे जाड गाळाचे थर मध्ये सापडले नाहीत. विसंगती खरीच आहे, तिचं मोजमाप चुकलेलं नव्हतं. फक्त ती हलक्या गाळाची आहे हे स्पष्टीकरण त्या जागी टिकलं नाही. आता उणीव पायाभूत खडकाच्या आत शोधावी लागते.

पायाभूत खडकाची घनताही गृहीत धरू नका. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर विंधण झालं. 338 मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि मग स्फटिकी खडक. तो तपासल्यावर अपेक्षेपेक्षा जड निघाला, 2.8 च्या घरातला, म्हणजे एरवी कवचाच्या मधल्या भागात असायचा तसा. तिथे ट्रॅप आणि पाया यांच्यात गुरुत्वाला फरक जवळपास जाणवतच नाही. पुस्तकातली 'ट्रॅप 2.9, पाया 2.67' ही जोडी तिथे वापरली असती तर ट्रॅपची जाडी पूर्ण चुकली असती. कराडला भूकंपशास्त्रीय विंधणासाठी जी बीजीआरएल प्रयोगशाळा आहे, तिच्या प्रकाशित नमुन्यांच्या घनता तुमच्या रेषेसाठी सर्वांत जवळच्या आहेत. त्याच वापरा.

मोहोसाठी तर तुमचं नशीब चांगलं आहे. सत्तरच्या दशकात गुहागर ते चोरोची अशी खोल भूकंपलहर-मोजणी झाली, कैला आणि सहकाऱ्यांची. तुमची रेषा बऱ्याच अंशी तिच्याच वाटेवर आहे. तिच्यातून मोहो साधारण 36 ते 40 किलोमीटरवर आला. 46 ला तिथे जागा नाही. भूकंपलहरी परत यायला लागणारा वेळ थेट खोलीशी बांधलेला असतो, गुरुत्व तसं बांधलेलं नसतं, म्हणून खोलीच्या बाबतीत मी नेहमी लहरींचं ऐकतो.

माझ्या कामाची पद्धत अशी. मोहो लहरींच्या खोलीवर ठेवून त्याला दोन किलोमीटर वर-खाली सरकायची मुभा देतो. ट्रॅपचा तळ विंधणांना बांधतो. मग उरलेला उतार कवचाच्या आत कोण देऊ शकतं ते पाहतो. तुमच्या रेषेवर दोन उमेदवार आहेत. एक, किनाऱ्याखाली कवचात घुसलेले जड अंतर्वेशी खडक. भारत आधी मादागास्करपासून आणि नंतर सेशेल्सपासून तुटला तेव्हाचा हा काठ आहे, पनवेलच्या वळणाजवळ लाव्हाचे थर समुद्राकडे झुकलेले आहेत, आणि मुंबईच्या ठळक धन विसंगतीसाठी 1966 पासून असाच जड खडक सुचवला गेलाय. दोन, घाटामागच्या पायात हलक्या ग्रॅनाइटचा मोठा भाग. पहिल्यात किनारा जास्त जड, दुसऱ्यात पठार जास्त हलकं. दोन्ही मॉडेलं वेगवेगळी पूर्ण करा, प्रत्येकासाठी घनता थोडी बदलत चार-पाच वेळा चालवा, आणि प्रबंधात एका रेघेऐवजी पट्टा दाखवा. निवाडा करायचाच असेल तर रेषा पश्चिमेला समुद्रात वाढवा. उपग्रहांच्या समुद्रपृष्ठ-मोजणीतून तिथलं गुरुत्व मिळतं. जड खडक किनाऱ्याखाली संपत असेल तर विसंगती समुद्राकडे पुन्हा खाली येताना दिसायला हवी.

एक गोष्ट मात्र गुरुत्व एकट्यानेही पक्की सांगतं: विसंगतीला कारण असलेलं एकूण जास्तीचं किंवा कमी पडणारं वस्तुमान. गाउसच्या प्रमेयाने ते खोली न धरताही निघतं. खरं तर त्यासाठी पूर्ण नकाशा लागतो, एक रेषा पुरत नाही. पण जिल्ह्याचा नकाशा हाताशी असेल तर हा आकडा काढाच, कारण तो खोलीच्या कुठल्याच गृहीतकावर अवलंबून नसेल.

शेवटी तुम्ही विचारलंय की आणखी स्टेशनं घ्यायची तर कुठे. चिपळूण ते पाटण, कुंभार्ली घाट धरून, एक किलोमीटर अंतराने. विट्याकडे वाढवू नका, तिथे नवीन काही कळणार नाही. उंची दहा-वीस सेंटिमीटरमध्ये आली तरी या कामाला भरपूर झाली. घाटात वळणावर स्टेशन घेऊ नका. ट्रक चढताना रस्ता थरथरतो आणि साठ सेकंदांच्या वाचनाचं प्रमाण विचलन दुपटीने वाढतं. कठडा संपल्यावर उघडा खडक मिळतो तिथे तिपाई टेकवा, तीन स्क्रूंनी पातळी आणल्यावर दोन मिनिटं हात लावू नका, यंत्रावर छत्री धरा, आणि लागोपाठची तीन वाचनं काही मायक्रोगॅलच्या (मिलिगॅलचा हजारावा भाग) आत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. दर तीन-चार तासांनी तळ-स्टेशनवर परत येऊन ड्रिफ्ट (यंत्राचं वाचन हळूहळू सरकणं) नोंदवा. आणि हे सगळं नोव्हेंबरनंतर करा. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटांचा कंप चिपळूणपर्यंत जमिनीतून जाणवतो आणि वाचनं स्थिरावतच नाहीत. नवीन स्टेशनं आली की उताराचा मधला अर्धा भाग पुन्हा मोजा आणि आकडा इथेच टाका. तो 45 च्या खाली आला तर किनाऱ्याच्या जड खडकाचं मॉडेल आधी घ्या.